उन्हं किती वाजेपर्यंत असतात?

म्युनिकला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली होती, पण स्कीइंगसाठी म्हणून आठवडाभराची सुट्टी आम्ही एकदाच घेतली होती, डिसेंबर २०२२ च्या शेवटी, आणि ती पार फसली. गाव निवडलं होतं ते दोन गोष्टी बघून, घरापासून जवळ आणि अपार्टमेंट स्वस्त. उंची बघायची असते हे माहीतच नव्हतं. गाव साधारण ८५० मीटरवर. पोचलो तर सगळीकडे तपकिरी गवत, आणि डोंगरावरून खाली येणारा एकच पांढरा पट्टा, तोही मशीनने बर्फ पाडून केलेला. लेक तेव्हा चार वर्षांची, गाडीतून उतरल्या उतरल्या तिने विचारलं, "आई, बर्फ कुठेय?" आणि मला काय सांगावं कळेना. त्या वर्षी नाताळ ते नवीन वर्ष एवढी ऊब होती की जानेवारीत स्वित्झर्लंडमध्ये आडेलबोडेनला स्कीइंगच्या वर्ल्ड कपची शर्यतसुद्धा अशाच पट्ट्यावर झाली, दोन्ही बाजूंना गवत. मशीनला बर्फ पाडायलाही थंडी लागतेच, हवा कोरडी असेल तर थोडं जमतं पण साधारण शून्याच्या दोन-तीन अंश खाली गेल्याशिवाय नाही, आणि आमच्या त्या आठवड्यात रात्रीसुद्धा तेवढी थंडी पडली नाही.

म्हणून पुढच्या हिवाळ्याची तयारी मी सप्टेंबर २०२३ मध्येच सुरू केली. आणि यावेळी मामला मोठा होता कारण आई-बाबा मिरजेहून येणार होते, डिसेंबर ते फेब्रुवारी, व्हिसाच्या ९० दिवसांच्या आत. म्हणजे आम्ही पाच जण. नवरा बऱ्यापैकी स्की करतो, इथल्या ऑफिसच्या लोकांबरोबर शिकला. मी शून्य. लेक पाच वर्षांची, शिकायला एकदम उत्सुक. आई-बाबा सत्तरीच्या आसपास, स्की अजिबात करणार नाहीत, बाबांची अँजिओप्लास्टी झालेली, आईचे गुडघे दुखतात. आणि आई शाकाहारी.

ही यादी मी मुद्दाम आधी दिली कारण रिसॉर्ट निवडताना जे कुणी सल्ला देत होतं ते सगळे नवऱ्याच्या पातळीचा विचार करून देत होते. किती किलोमीटर पिस्ट, म्हणजे स्की करत उतरायचे तयार केलेले उतार, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट किती, सगळ्यात अवघड म्हणजे ब्लॅक पिस्ट किती. गणपतीत मंडळात जेवायला बसलो असताना हा विषय काढला तर दहा मिनिटांत आठ नावं आली आणि आठही जणांचं खरं होतं, फक्त आमच्यासाठी नव्हतं.

तारखेचं आधी सांगते कारण पैशाचा निम्मा हिशोब तारखेत आहे. इथे ६ जानेवारीला थ्री किंग्जची सुट्टी असते, ती झाली की नाताळची गर्दी ओसरते आणि फेब्रुवारीच्या शाळेच्या सुट्ट्या सुरू व्हायच्या आधी दोन-तीन आठवडे असे मिळतात की तीच खोली, तोच लिफ्टपास बराच स्वस्त असतो आणि लिफ्टला रांगा नसतात. फेब्रुवारीत बव्हेरियाची, म्हणजे आमच्या म्युनिकच्या राज्याची, फाशिंगची (कार्निव्हलची) सुट्टी, ब्रिटिशांची हाफ टर्म, डच लोकांची सुट्टी, आणि फ्रान्सची तर झोननुसार चार आठवडे पसरलेली, सगळं एकमेकांवर येतं. पण जर्मनीत मूल एकदा पहिलीत गेलं की सुट्टीशिवाय शाळेतून काढता येत नाही, ते फार कडक आहे, सुट्टीच्या आदल्या दिवशी बव्हेरियात पोलिसांनी विमानतळावर कुटुंबांना विचारल्याच्या बातम्या आल्या होत्या. आमची लेक त्या वर्षी अजून किंडरगार्टनमध्ये होती. म्हणजे जानेवारीत जायचा हा आमचा शेवटचा चान्स. १३ ते २० जानेवारी २०२४ ठरवलं, शनिवार ते शनिवार, कारण आल्प्समध्ये बहुतेक अपार्टमेंट तशीच मिळतात.

मग नावं. आईचं मन स्वित्झर्लंडवर. आमच्या ओळखीतले जे जे टूरबरोबर युरोप करून आले त्यांनी तिला बर्फातले फोटो दाखवले होते आणि त्यात माटरहॉर्नचं शिखर असायचंच. त्यामुळे मी त्याच्या पायथ्याच्या झर्माटचा खरोखर नीट अभ्यास केला, नुसतं नको म्हणून टाकलं नाही. जागा अप्रतिम आहे, गावात पेट्रोलच्या गाड्या नाहीत, गाडी खाली टेशला ठेवून ट्रेनने वर जायचं, क्लाइन माटरहॉर्नवर ३८८३ मीटरपर्यंत केबल कारने जाता येतं, बर्फाची चिंता नाही. पण म्युनिकहून लांब, पाच वर्षांचं मूल आणि दोन वयस्कर माणसं घेऊन पूर्ण दिवस गाडीत, आणि सगळा खर्च फ्रँकमध्ये. पाच जणांचं जेवण, पास, भाड्याची स्की असं मांडलं तेव्हा नवरा गप्पच बसला. शिवाय नवशिक्यांची जागा गावात नाही, वर सुनेगाला आहे, म्हणजे मला आणि लेकीला रोज वर जायचं आणि आई-बाबांना यायचं असेल तर त्यांनाही वरचं तिकीट. नको म्हटलं. आईला वाईट वाटलं हे मला दिसलं.

फ्रान्समधलं व्हाल थोराँस नवऱ्याच्या मित्राने सुचवलं. युरोपातलं सगळ्यात उंचावरचं स्की गाव, २३०० मीटरवर, आणि त्रोआ व्हाले या मोठ्या स्की एरियाचा भाग, तिथे एकमेकांना जोडलेल्या ६०० किलोमीटर पिस्ट. बिल्डिंगच्या दारातून स्की घालून बाहेर. आदल्या वर्षीच्या अनुभवानंतर मी उंचीवर इतकी अडून बसले होते की जवळजवळ बुक केलंच होतं. पण बाबांनी फोनवर विचारलं, "२३०० मीटर म्हणजे किती गं?" आणि मी सांगायला गेले तेव्हा माझ्याच लक्षात आलं. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराच्या साडेसहाशे मीटर वर रात्री झोपायचं, आठवडाभर, अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने. बाबांच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले दिवसा तासभर वर जाऊन यायला हरकत नाही पण झोपायला पंधराशेच्या वर नको. हे मी कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात वाचलं नव्हतं. सगळे सांगतात बर्फासाठी उंच गाव घ्या, पण जे स्की करणार नाहीत त्यांना गाव मध्यम उंचीवर आणि स्की करायची जागा वर, हेच बरं पडतं. आणि तेवढ्या उंचीवर झाडं नसतात, चालायला जायचं तर नुसतं पांढरं आणि वारा.

इथून पुढे शोध सोपा झाला खरं तर. गाव साधारण १२०० ते १५०० मीटर, स्की एरिया २००० च्या वर जाणारा, म्युनिकहून चार तासांच्या आत.

ऑस्ट्रियातलं किट्झब्यूल याच्यात बसत नव्हतं, गाव ७६० मीटरवर आणि आमच्या आठवड्याच्या शेवटी तिथे हानेनकामची मोठी स्की शर्यत, त्या दिवसांत खोली मिळणं अवघड आणि दर भयंकर. ऑस्ट्रियातल्याच सांक्ट आन्टोनचं नाव फार मोठं, हानेस श्नायडरने गेल्या शतकाच्या सुरुवातीला तिथेच शिकवायला सुरुवात केली आणि आल्प्समधली स्की शिकवायची पद्धत तिथून जगभर गेली, पण आज तिथे जे जातात ते चांगलं स्की करणारे, उतार तीव्र, ऑफिसमधली एक बाई म्हणाली तिथली ब्लू, म्हणजे सोपी पिस्ट, इतर ठिकाणच्या रेडसारखी, म्हणजे मध्यम अवघड वाटते. ब्लू, रेड, ब्लॅक हे रंग देशोदेशी जवळपास सारखे असले (फ्रान्समध्ये ग्रीन पण असते) तरी प्रत्येक रिसॉर्टचं ब्लू वेगळं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिथलंच त्सेल आम झे मला खूप आवडलं होतं, तळ्याकाठचं गाव, ट्रेनने जाता येतं, शेजारी काप्रूनला किट्झस्टाइनहॉर्नची हिमनदी म्हणजे बर्फाची खात्री. पण गाव पुन्हा साडेसातशे मीटरवर, तिथे खाली पाऊस पडला तर आई-बाबा आठवडाभर चिखल बघणार आणि आम्ही वर. ते मनाला पटेना.

शेवटी दोन नावं राहिली, इटलीतलं झाइजर आल्म आणि ऑस्ट्रियाच्या टिरोलमधलं झेरफाउस.

झाइजर आल्मबद्दल मी अजूनही कुणालाही सांगीन की नवशिक्यांना आणि चालणाऱ्यांना तिथे जा. डोलोमाइट्सच्या डोंगरांत जवळपास २००० मीटरवर पसरलेलं मोठं कुरण आहे, उतार सौम्य, चालायचे रस्ते बर्फ दाबून तयार केलेले, समोर लांगकोफेलचे सुळके. पण वर कुरणावरच राहायचं तर पुन्हा झोपायची उंची आली, आणि खाली झाइस किंवा कास्टेलरूटला राहायचं तर रोज गोंडोलाने (केबल कारने) जा-ये, कारण दिवसा वरचा रस्ता बाहेरच्या गाड्यांना बंद असतो. इटलीत आणखी एक, २०२२ पासून पिस्टवर उतरणाऱ्याकडे दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई देणारा विमा असलाच पाहिजे असा कायदा आहे. नवऱ्याचा होता, माझा नव्हता, तो काढता आला असता. पण इटलीला जाताना लागणाऱ्या ब्रेनर घाटातला शनिवारचा ट्रॅफिक, तो कसा टाळणार.

झेरफाउसचं नाव मला किंडरगार्टनमधल्या एका आईने दिलं, आणि तिने पहिलं वाक्य पिस्टबद्दल बोललंच नाही, ती म्हणाली तिथे गावात भुयारी ट्रेन आहे. मला वाटलं माझं जर्मन चुकतंय. पण खरंच आहे, १९८५ पासून, हजारभर वस्तीच्या गावाखालून जाणारी, हवेच्या गादीवर तरंगत दोरखंडाने ओढली जाणारी, चार थांबे, पार्किंग, चर्च, मध्य आणि शेवटी केबल कार, तिकीट नाही. गावातल्या गाड्या कमी करायला बांधली. आता विचार करा, स्की बूट घालून, खांद्यावर स्की, एका हातात मूल, निसरडा रस्ता, आणि सोबत गुडघे दुखणारी आई. मला त्या क्षणी वाटलं की हे गाव बांधणाऱ्याने असं कुटुंब पाहिलंय.

मग मी खोदायला लागले. गाव साधारण १४०० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा जरासं उंच, हे सांगितल्यावर बाबा एकदम निवांत झाले. तिथून गोंडोलाने कोम्पेरडेल, साधारण २००० मीटर, आणि मुलांची सगळी शिकायची जागा तिथे वर, म्हणजे बर्फ टिकणार. मॅजिक कार्पेट बरेच, म्हणजे तो जमिनीलगतचा सरकता पट्टा, ज्याच्यावर नुसतं उभं राहायचं. नवशिक्याच्या जागेत हेच मोजा असं मी म्हणीन, कारण टी-बार नावाची जी लिफ्ट असते, दांडा कमरेमागे घेऊन ओढत नेणारी, त्याच्यावर लहान मूल आणि पहिल्या दिवसाचा मोठा माणूस दोघंही पडतात.

पिस्टच्या किलोमीटरचा आकडा मी बघितलाच नाही. एका जर्मन तज्ज्ञाने बऱ्याच रिसॉर्टच्या पिस्ट स्वतः मोजल्या होत्या आणि जाहिरातीतले आकडे कितीतरी फुगवलेले निघाले होते, काहींनी तर वळणं घेत उतरणाऱ्या माणसाचा नागमोडी मार्ग धरून लांबी सांगितली होती. आणि आमच्यातला एकच माणूस तेवढं फिरणार होता.

मग टुरिझम ऑफिसला फोन केला. तुम्ही पण कराच, इमेलपेक्षा फार बरं. प्रश्न लिहून ठेवले होते. स्की न करणाऱ्यांना गोंडोलाचं वेगळं तिकीट मिळतं का, मिळतं. वर टेरेस आहे का जिथून मुलांची शाळा दिसते, आहे. चालायचे रस्ते साफ करतात का, करतात, फिस आणि लाडिस या शेजारच्या गावांपर्यंत जातात. मी पहिले दिवस पूर्ण पास घ्यायची गरज आहे का, आधी स्की स्कूलला विचारा म्हणाल्या, कारण नवशिक्याला सगळा डोंगर लागत नाही, आणि मोठ्या रिसॉर्टात सहा दिवसांचा पास माणशी ३०० युरोच्या वर जातो. हे सगळं स्पीकरवर चाललं होतं आणि मिरजेहून व्हिडिओ कॉलवर आई-बाबा ऐकत होते, जर्मन कळत नसलं तरी. मधेच बाबा म्हणाले, "त्यांना विचार, उन्हं किती वाजेपर्यंत असतात?"

मला हा प्रश्न सुचलाच नव्हता. आल्प्समधली किती तरी गावं अरुंद दरीत आहेत, जानेवारीत सूर्य इतका खाली असतो की दुपारी दीड-दोनला डोंगराआड जातो, काही गल्ल्यांत तर ऊन येतच नाही, आणि सावलीत उणे आठमध्ये बसणं आणि उन्हात उणे आठमध्ये बसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी विचारलं. फोनवरच्या बाई खूश झाल्या, म्हणाल्या आमची तिन्ही गावं इन नदीच्या दरीत खाली नाहीत, वर पठारासारख्या जागेवर आहेत, दक्षिण-पूर्वेला उघडी, ऊन हीच तर आमची ओळख. त्यानंतर मी वेबकॅम बघायला लागले, रोज दुपारी तीनला, ऑक्टोबरभर. झेरफाउसला सावली किती वाजता येते आणि यादीतल्या बाकीच्या गावांना किती वाजता, हे वहीत लिहून ठेवलं. बाबांना रोज फोटो पाठवायचे.

अपार्टमेंट निवडताना एक फटका बसता बसता वाचला. एका जाहिरातीत "लिफ्टपासून ३०० मीटर" लिहिलं होतं, फोटो सुंदर, दर पण बरा. नकाशावर उंचीच्या रेषा लावून बघितल्या तर ते ३०० मीटर सरळ चढाचे होते. आम्हाला जे मिळालं ते लिफ्टपासून लांब पण भुयारी ट्रेनच्या चर्चच्या थांब्यापासून तीन मिनिटं, सपाट, आणि स्वयंपाकघर असलेलं. स्वस्त नव्हतं. झेरफाउस स्वस्त नाहीच, जानेवारीतसुद्धा, हे स्पष्ट सांगते. पण पाच जण रोज बाहेर जेवलो असतो तर त्याहून जास्त गेले असते, आणि आईचा प्रश्न होताच. डोंगरावरच्या हॉटेलांत शाकाहारी म्हणून चीजचे श्पेट्सले (एक प्रकारच्या शेवया) मिळतात, पण चीजचे क्नोडेल (गोळे) सूपमध्ये येतात तेव्हा ते सूप बहुतेक वेळा बीफचं असतं, विचारल्याशिवाय सांगत नाहीत. आम्ही म्युनिकहून कुकर नेला. १४०० मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, साध्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही.

बुकिंग ऑक्टोबरच्या मध्यावर झालं. आणि मग गंमत बघा, २ डिसेंबरला म्युनिकमध्ये एवढा बर्फ पडला की विमानतळ बंद, आई-बाबा तीन दिवस उशिरा पोचले, आणि सगळे म्हणायला लागले की यंदा कुठेही जा, बर्फच बर्फ. नाताळपर्यंत ते सगळं वितळून पाऊस लागला होता. तेव्हा मी मनातल्या मनात त्या २००० मीटरला नमस्कार केला.

बाकी तयारी पटकन सांगते. लेकीचा स्की सूट जुना घेतला, मुलं वर्षात वाढतात. स्की, बूट, हेल्मेट गावातच भाड्याने, आधी ऑनलाइन बुक केलं की स्वस्त. आतून सुती कपडे नकोत, घाम धरून ठेवतात आणि मग गारठा भरतो. आई-बाबांच्या भारतातल्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये हिवाळी खेळ वगळलेले होते, म्हणून त्यांना स्लेजवर बसवायचं नाही असं ठरलं. आम्ही तिघांनी आल्पेनफेराइन या गिर्यारोहकांच्या संघटनेचं सदस्यत्व घेतलं, त्यात डोंगरावरून सुटका करण्याचा विमा असतो, हेलिकॉप्टरचं बिल काही हजार युरो येतं. ऑस्ट्रियात मोटरवेला विग्नेट (टोलचा स्टिकर) आणि बर्फाच्या रस्त्यावर विंटर टायर सक्तीचे. शनिवारी वाटेतल्या फेर्नपास घाटात गाड्यांची रांग लागते म्हणून पहाटे पाचला निघालो.

सोमवारी, १५ तारखेला, लेकीचा स्की स्कूलचा पहिला दिवस, आणि त्या दिवशी संक्रांत. आईने आदल्या रात्री त्या छोट्या स्वयंपाकघरात तिळगूळ केले होते. गोंडोलातून वर जाताना तिने डबा मांडीवर घट्ट धरला होता, आणि लेकीच्या शिकवणाऱ्या मुलीच्या हातमोज्यावर एक ठेवून म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला." मी जर्मनमध्ये सांगितलं. त्या मुलीने तो तिथेच खाल्ला आणि मग तिच्या गटातल्या सातही मुलांना मिळाले. मी शेजारच्या मोठ्यांच्या गटात होते, पट्ट्यावर उभी राहून वर जायचे आणि हळूहळू खाली यायचे, आणि प्रत्येक वेळी वर पोचल्यावर टेरेसवर आईची लाल शाल आणि बाबांची माकडटोपी दिसायची. बाबा घड्याळ बघत होते. पावणेचारला त्यांनी मला हात करून आकाशाकडे बोट दाखवलं. ऊन होतं अजून.

बुधवारी हवा बिघडली, वर काही दिसत नव्हतं, नवरा लवकर परत आला. आई-बाबा गावात भुयारी ट्रेनमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा फिरले. गुरुवारी ते दोघं फिसच्या रस्त्यावर चालत गेले आणि बसने परत आले, आई म्हणाली गुडघा दुखला नाही कारण बर्फ भुसभुशीत होता. शुक्रवारी मुलांची शर्यत, लेक न पडता खाली आली, मेडल गळ्यात घालूनच झोपली.

शनिवारी किल्ली द्यायला गेलो तेव्हा घरमालकीण म्हणाली पुढच्या वर्षी हाच आठवडा ठेवू का. मी सांगितलं मुलगी शाळेत जाणार, आता फाशिंगलाच जमेल. तिने वही काढली, म्हणाली फाशिंगला एकच घर शिल्लक आहे, दुसऱ्या मजल्यावरचं, जिना आहे. मी आईच्या गुडघ्यांचा विचार करत थांबले. तेवढ्यात बाबा म्हणाले, "जिना हळूहळू चढू. बाल्कनी दक्षिणेला आहे का तेवढं विचार."